पांडवगड त्रिकोणी नाही

मे महिन्यातल्या चित्रकलेच्या शिबिराची चौकशी करायला येणारे पाच-सहा वर्षांच्या मुलांचे आईवडील दोन मिनिटांत उठतात. वेळ काय, फी किती, रंग घरून आणायचे का, एवढंच त्यांना विचारायचं असतं. थांबून बोलतात ते सहावी, सातवी, आठवीतल्या मुलांचे पालक. "बालवाडीत होती तेव्हा घरातली एक भिंत मोकळी ठेवली नाही हो मॅडम. आता कागद पुढे केला तर म्हणते, मला नाही येत चित्र." वाईत दर मार्च-एप्रिलमध्ये हे माझ्या कानावर येतं, आणि माझं शिबिर मुख्यतः याच मुलांसाठी असतं. लहान गटही मी घेते, मनापासून घेते. पण त्या मुलांना कागद, रंग आणि सांडायला जागा दिली की त्यांचं काही अडत नाही. अडतं ते मोठ्यांचं.

कलाशिक्षकाचा डिप्लोमा करताना आम्ही व्हिक्टर लोवेनफेल्डचे टप्पे पाठ केले होते. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या या कलाशिक्षकानं १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांची वाढ वयाप्रमाणे मांडली. दोन ते चार वर्षं रेघोट्या, मग ओळखू येतील असे आकार, सात ते नऊ या वयात ठरून गेलेले साचे, आणि नऊ-दहानंतर दिसतं तसंच उतरावं म्हणून धडपड. बारा-तेराच्या सुमाराला मूल स्वतःच्या चित्राकडे मोठ्यांच्या नजरेनं बघायला लागतं. नजर पुढे गेलेली असते आणि हात मागे राहिलेला असतो. त्या दोन-तीन वर्षांत हे अंतर भरून काढायला कुणी हाताशी नसलं, तर मूल पेन्सिल खाली ठेवतं आणि बहुतेकदा कायमची ठेवतं. चाळिशीतल्या शिकल्यासवरलेल्या माणसाला खुर्चीवर बसलेला माणूस काढायला सांगून बघा. अकरा वर्षांच्या मुलानं काढावा तसा तो काढेल, कारण त्याचं शेवटचं चित्र त्याच वयातलं असतं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की बघणं ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती शिकता येते.

पहिल्या सकाळी मी मोठ्या गटाला एवढंच सांगते, डोंगर काढा. वाईची मुलं आणि सुट्टीत आजोळी आलेली पुण्या-मुंबईची मुलं सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेली असतात. कुणी सातवीतलं, कुणी नववीतलं. कुणाकडे सहा रंगांचे खडू, कुणाकडे मामानं दिलेला मोठा वॉटरकलरचा बॉक्स. कागदांवर मात्र सगळीकडे एकच चित्र उमटतं. ओळीनं दोन-तीन त्रिकोण, त्यांच्या फटीतून अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठाला एक झोपडी. हे दृश्य या मुलांनी प्रत्यक्षात कुठेही पाहिलेलं नसतं. ते दुसऱ्यांच्या वह्यांतून त्यांच्या हातात आलेलं असतं.

मग आम्ही गच्चीवर जातो. समोर पांडवगड. मी विचारते, याचा शेंडा कुठे आहे? थोडा वेळ कुणी बोलत नाही. एक मुलगा, ज्याचं घर त्या डोंगराच्याच बाजूला आहे, म्हणतो, "शेंडा नाहीये. वर कापल्यासारखं आहे." मग एकदम सगळ्यांना दिसायला लागतं. माथ्याला कातळाचा उभा कडा, त्याखाली उतार, पुन्हा एक कडा, पुन्हा उतार. कुणीतरी म्हणतं, पायऱ्यांसारखं आहे. त्यावेळी मी त्यांना सांगते की आपल्या सह्याद्रीचे डोंगर थरांचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे एकावर एक लाव्हारसाचे थर पसरत गेले, त्यांतला जो थर टणक तो कडा होऊन राहिला, जो ठिसूळ तो झिजून उतार झाला. पाचगणीचं टेबललँड सगळ्यांनी पाहिलेलं असतं, घोड्यावरून फिरून आलेले असतात. तेही याच कारणानं सपाट आहे हे ऐकून डोळे मोठे होतात. ही माहिती मी भूगोलाच्या तासासारखी देत नाही. रेघ कुठे वळवायची ते त्यातूनच कळतं, म्हणून देते. उतार म्हणजे लांब, सैल रेघ. कडा म्हणजे तुटक, उभी, दाबून काढलेली.

डोंगराजवळ राहणारा तो मुलगा "मला चित्र येत नाही" असं सांगूनच आलेला होता. त्याला आईनं बळेच पाठवलं होतं. गच्चीवर त्यानं तासभर एकच कडरेघ काढली. सूर्य नाही, नदी नाही, झाड नाही. पेन्सिल थांबायची, तो मान वर करायचा, बघायचा, पुन्हा अर्धा इंच पुढे जायचा. उजवीकडच्या सोंडेवर एक लहानसा खाचा आहे, तोही त्याच्या रेघेत आला. तिथून चढायची वाट आहे, त्यानं सांगितलं. मी तो खाचा त्याआधी कधी पाहिला नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सात वर्षांच्या मुलाचा त्रिकोण मी कधीही मोडायला सांगत नाही. त्या वयात त्रिकोण हाच त्याचा डोंगर असतो. त्याला गच्चीवर नेऊन "बघ, असा नाही" म्हणणं म्हणजे त्याच्या हातातलं काढून घेणं आहे. लहान गटाच्या पालकांना पुष्कळदा याच गोष्टीचा राग येतो. "तुम्ही त्याचं काहीच सुधारत नाही." खरंच सुधारत नाही, कारण त्यात बिघडलेलं काही नसतं. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तोच त्रिकोण तिच्या वाटेत उभा असतो. तिला तो खोटा वाटायला लागलेला असतो आणि खरा कसा काढायचा हे ठाऊक नसतं. दोन वयांना एकच उपाय लावणारी शिबिरं मी पाहिली आहेत. तिथे लहान मुलं कंटाळतात आणि मोठी मुलं चार दिवसांनी यायची थांबतात.

डोंगरानंतर बादली. पत्र्याची, कडी असलेली, शाळेच्या नळाखाली असते तशी. ती मी हॉलच्या मधोमध फरशीवर ठेवते आणि मुलं भोवतीनं गोल बसतात. बादलीचं तोंड गोल आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते पूर्ण गोल काढतात. बादली फरशीवर टेकलेली आहे हेही माहीत असतं, म्हणून बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ काढतात. त्यामुळे चित्रातली बादली वरून अर्धी आणि समोरून अर्धी अशी दिसते. मुलांनाही ते खटकतं. पण नेमकं काय खटकतंय ते सापडत नाही, आणि इथेच पहिलं "मला येत नाही" ऐकू येतं.

मागच्या एका उन्हाळ्यात आठवीतल्या एका मुलीनं या बादलीशी जे भांडण केलं ते मला नीट आठवतं. मी तिला हात लांब करून पेन्सिल धरायला शिकवलं, एक डोळा मिटून, अंगठ्यानं माप धरून. तोंडाची रुंदी आणि उंची मोज म्हटलं. तिनं मोजलं. रुंदीत उंची जवळजवळ चार वेळा बसत होती. ती म्हणाली, "पण ती गोल आहे." आहेच. "मग चपटी का येतेय?" मी उत्तर दिलं नाही, तिला उभं राहायला सांगितलं. पुन्हा मोज. आता तोंड जास्त उघडलं होतं. मग बाकावर चढून मोज. मग फरशीवर पालथी पडून. पालथं पडल्यावर बादलीचं तोंड एक सरळ रेघ झालं आणि ती खालूनच ओरडली, "ताई, गोल गेला!" बाकीची सगळी कागद टाकून तिच्याभोवती आडवी झाली. पुढचा अर्धा तास हॉलमध्ये मुलं उठत होती, बसत होती, झोपत होती आणि पेन्सिली पुढे करून मोजत होती. मग तिनंच आणखी एक गोष्ट शोधली. बुडाची कड सरळ तर नसतेच, उलट तोंडाच्या गोलापेक्षा जास्त वाकलेली दिसते, कारण ते डोळ्यांपासून जास्त खाली असतं. हे मी सांगितलं असतं तर नियम म्हणून वहीत गेलं असतं. तिनं शोधलं, त्यामुळे ते तिचं झालं, आणि त्या दिवसानंतर "येत नाही" हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नाहीत. त्याऐवजी ती "थांबा, मोजते" म्हणायची.

खोडरबर मी बंद करत नाही. काही शिक्षक पहिल्याच दिवशी जप्त करतात, पण त्यानं मुलं घाबरतात. मी एवढंच म्हणते, आधीची रेघ राहू दे, नवी तिच्या शेजारी काढ, दोन्हींत खरी कुठली ते बघ, मग खोड. तीन रेघा शेजारी शेजारी राहिल्या की मुलाला स्वतःचा शोध दिसतो. खोडून खोडून कागदाचा पापुद्रा निघालेलं चित्र त्याला फक्त स्वतःची चिडचिड दाखवतं. कार्ट्रिज कागद मी थोडा जाडच घेते, आणि पेन्सिल टू-बी किंवा फोर-बी. एचबी पेन्सिलीनं मुलं दाबून लिहिल्यासारखं काढतात आणि मग ती रेघ निघतही नाही.

मुलाच्या कागदावर मी रेघ मारत नाही. दाखवायचंच असेल तर शेजारी माझा वेगळा कागद असतो. यावरून पालकांशी, आणि काही वेळा बरोबरीच्या शिक्षकांशीही, माझे वाद होतात. बऱ्याच शिबिरांत शेवटच्या दिवशी प्रदर्शन असतं, पाहुणे येतात, फोटो निघतात. मग आदल्या संध्याकाळी शिक्षक बसून डोळे नीट करतात, पार्श्वभूमीला सफाईदार रंग देतात. अशा प्रदर्शनात तीस चित्रं लागलेली असतात आणि एकाच हातानं काढलेली वाटतात. घरी फ्रेम होते, आजी-आजोबा खूश होतात, पण ज्याच्या नावाची ती फ्रेम असते त्या मुलाला पक्कं ठाऊक असतं की यातला चांगला भाग आपला नाही. बारा वर्षांच्या मुलाचा स्वतःवरचा विश्वास आधीच डळमळत असतो. त्याला त्या फ्रेममधून रोज तेच ऐकू येतं. मला याचा मनापासून त्रास होतो, आणि म्हणून मी फी घेतानाच सांगते की रोज एक पूर्ण चित्र घरी येणार नाही. काही पालक तिथूनच परत जातात.

सेवाग्रामच्या नई तालीममध्ये १९४४ पासून अनेक वर्षं कला शिकवणाऱ्या देवीप्रसादांचं लेखन मी पुन्हा पुन्हा वाचते. शांतिनिकेतनात शिकून आलेला हा माणूस वर्ध्याच्या उन्हात खेड्यातल्या मुलांबरोबर काम करत होता. कला हा वेळापत्रकातला आणखी एक विषय नसून शिक्षणाचा पायाच ती आहे, असं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रातल्याच एका गावात हे घडलं आणि आपल्याकडच्या कलाशिक्षकांत त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

सातवी-आठवीच्या पालकांचा हमखास येणारा प्रश्न एलिमेंटरीचा. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी ही पहिली, तिच्यानंतर इंटरमिजिएट. आणि इंटरमिजिएट पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे घरात चित्रकलेला थोडी किंमत येते. या परीक्षांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. खेड्यातल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा ब्रश धरला तो एलिमेंटरीमुळेच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळं शिकण्यासारखं आहे. पण स्मरणचित्राचं जे झालं आहे ते मला पाहवत नाही. बाजार, बसस्टॉप, पाणी भरणाऱ्या बायका, पतंग उडवणारी मुलं, यांच्या तयार आकृत्या मार्गदर्शक पुस्तकांतून पाठ करायच्या आणि पेपरात उतरवायच्या. टोपलीवाली बाई डावीकडे, सायकलवाला उजवीकडे, मागे झाड. स्मरण आहे, पण ते दुसऱ्याच्या चित्राचं.

म्हणून एका सोमवारी मी त्यांना वाईच्या आठवडी बाजारात नेते. कागद-पेन्सिल हॉलवरच ठेवायची. जोड्या करून फिरायचं, एक जागा निवडायची, तिथे दहा-पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि फक्त बघायचं. परत आल्यावर काढायचं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधला लकोक द बुआबोद्राँ नावाचा शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना याच पद्धतीनं तयार करायचा: वस्तूसमोर बसून नव्हे, तर बघून, पाठ फिरवून, आठवून. शिल्पकार रोदँ त्याचा विद्यार्थी. त्याची पद्धत फार काटेकोर होती, माझी तशी नाही. तरी परत आल्यावर कागदावर जे येतं ते कुठल्याही पुस्तकात सापडायचं नाही. कांद्याच्या ढिगाजवळ बसलेली बाई एका पायानं ढिगाची कड रोखून धरते आणि हातानं तराजू. लिंबंवाला प्रत्येक लिंबू धोतराला पुसून वर ठेवतो. ताडपत्रीची सावली सरकते तशी माळव्याची पाटीही सरकवली जाते. हे सगळं मुलांनी आणलं. काढताना हात चुकतात, माणसांचे पाय आखूड होतात. पण ती माणसं कुणीतरी असतात. आकृत्या कशा नीट करायच्या ते पुढच्या दिवसांत शिकवता येतं. बघितलेलंच नसेल तर काय नीट करायचं?

अलीकडे तेरा-चौदा वर्षांची मुलं ॲनिमेमधले चेहरे काढतात. वहीच्या शेवटच्या पानांवर, लपवून. मोठे डोळे, टोकदार केस, नारुतो आणि त्याची मित्रमंडळी. शाळेत त्यावरून ओरडा बसतो. मला तर ती पानं बघून बरं वाटतं, कारण ज्यानं चित्र सोडलेलं असतं तो ही पानं भरत नाही. मी फक्त म्हणते, याच पद्धतीनं शेजारच्याचा चेहरा काढ. मग त्या मुलाला डोळे मोठे करण्याआधी शेजाऱ्याचे डोळे कसे आहेत ते बघावं लागतं.

मातीचे दिवस सगळ्यांच्या आवडीचे. वैशाखातल्या हवेत मातीकाम सोपं नसतं. जवळच्या कुंभाराकडून आणलेली माती आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटाखाली ठेवावी लागते, सकाळी मळताना आतली हवा काढून टाकावी लागते, आणि तरी अकराच्या सुमाराला गरम वारा सुटला की पातळ भागांना भेगा जायला लागतात. पुण्याहून आलेल्या मुलांना प्रथम हात भरवायचा संकोच असतो. आणि नेमकं इथेच वाईच्या, आजूबाजूच्या गावांतल्या मुलांचं पारडं जड होतं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर असतो. घरोघर मातीचे बैल पुजले जातात, आणि गावाकडच्या पोरांनी ते लहानपणापासून स्वतः केलेले असतात.

कागदासमोर अवघडून बसणारा, "ताई, मी नुसता बसतो" म्हणणारा एक मुलगा माती हातात आल्याबरोबर वेगळाच झाला. त्यानं एकाच गोळ्यातून बैल ओढला. पाय वेगळे करून चिकटवले नाहीत, गोळ्यातूनच खाली काढले, आखूड आणि जाड. पुण्याच्या मुलीनं विचारलं, "एवढे जाड कशाला? बैलाचे पाय बारीक असतात." तो म्हणाला, "मातीचा बैल हाय. बारीक केलं तर वाळताना मोडतोय." मग वशिंड. त्याला ते पाठीच्या मधोमध नव्हे, खांद्यावर पाहिजे होतं. तिचं मागे गेलं होतं. त्यानं तिचा अंगठा धरून पुढे सरकवला. शिंगांसाठी माती थोडी जास्त ओली घेतली, मुळाशी दाबून घेतली, जोड बोटाच्या पाण्यानं पुसला. गळ्याखालची लोंबती कातडी त्यानं एका चिमटीत काढली. वाळत ठेवताना बैल उन्हात न ठेवता हॉलच्या मागच्या व्हरांड्यात, सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवले, तेही त्यानंच सगळ्यांना बजावलं. त्या सकाळी शिकवायचं काम त्याचं होतं, मी पाणी आणून देत होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला त्याचाच बैल समोर ठेवून काढायला सांगितला. हातांना तो आकार सगळीकडून ठाऊक होता, त्यामुळे पेन्सिलही अडली नाही. बोटांतून कागदावर येणारी ही वाट मला फार महत्त्वाची वाटते. काही मुलांची नजर हातांतून उघडते, आणि शाळेच्या चित्रकलेत त्यांच्यासाठी जागा जवळजवळ नसते.

शेवटच्या आठवड्यात आम्ही कृष्णेच्या घाटावर बसतो. सकाळी सातला सुरुवात, कारण दहा वाजता काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर बसवत नाही. जलरंग तर मे महिन्यात एक वेगळीच परीक्षा घेतात. वॉश कागदावर ठेवून ब्रश पुन्हा बुडवेपर्यंत कड वाळलेली असते आणि आकाशात पट्टे उमटतात. मग मोठा ब्रश घ्यायचा, कागदाची मागची बाजू ओली करून बोर्डवर बसवायचा, बोर्ड थोडा तिरका धरायचा आणि रंग वरून खाली न थांबता आणायचा. हे प्रत्यक्ष करताना मुलं एकमेकांना "थांबू नको, थांबू नको" असं ओरडतात.

ढोल्या गणपतीचं देऊळ सगळ्यांना समोरून माहीत असतं. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं, आतली मोठी मूर्ती एकाच दगडातली. मी मुलांना मागच्या बाजूला बसवते. तिथली भिंत सपाट नाही. माशाच्या आकारासारखी मधे पुढे येऊन दोन्हीकडे वळत जाते. काढायला बसल्यावर मुलं गोंधळतात, कारण उजेड एका बाजूनं पडतो आणि सावली ठरावीक जागी न पडता हळूहळू गडद होत जाते. भिंत वाकडी का बांधली, असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, नदीकडे बघ आणि तूच सांग. पाण्याची पातळी कुठवर जात असेल, पूर कुठून येत असेल, याच्या खुणा पायऱ्यांवर शोधत दोघी-तिघी फिरल्या आणि परत येऊन म्हणाल्या, पाणी दोन्हीकडे कापलं जावं म्हणून. बरोबर होतं. अडीचशे वर्षांहून जास्त काळ पुराचं पाणी तिथे फाटून जातंय. एरवी याच पोरी रोज या देवळावरून शाळेत जातात.

एखाद्या वर्षी जमलं तर औंधला जातो. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली चित्रसंग्रहालय उभारलं. रवि वर्मा, धुरंधर यांची चित्रं सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात समोर उभं राहून बघता येतात, आणि हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही तिथे आहे. मी तिथे व्याख्यान देत नाही. एक चित्र निवडा, त्यातला फक्त एक हात किंवा एक पदर काढून आणा, एवढंच काम असतं. मुलं ज्या चित्रासमोर बसतात ते त्यांना पुढे कायम लक्षात राहतं.

शिबिराच्या शेवटी मी प्रदर्शन लावत नाही. पालकांना सकाळी नऊला बोलावते आणि हॉलच्या मधोमध तीच पत्र्याची बादली ठेवते. मुलं उभी राहतात, आईवडील खाली बसतात. प्रत्येकाला एक पॅड, एक पेन्सिल. आधी हसणं, मग "अहो मॅडम, आम्हाला कुठे येतंय", आणि मग हळूहळू सगळे कागदावर वाकतात. बहुतेकांची बादली तोंडाला पूर्ण गोल आणि बुडाला सरळ येते. गेल्या वर्षी एक वडील, पेशानं इंजिनिअर, आपल्या कागदाकडे बघत म्हणाले, "चुकलंय हे, पण कुठे ते कळेना." त्यांच्या मुलीनं त्यांचा हात धरून लांब केला, पेन्सिल आडवी लावली आणि म्हणाली, "बाबा, एक डोळा मिटा. आता मोजा." त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि विचारलं, "चपटी का येतेय?" तिनं त्यांना सरळ फरशीवर पालथं पडायला लावलं. मग दुसऱ्या आया-बाबांनाही तसं बघायचं होतं. साडेदहाला संपायचा कार्यक्रम साडेबारापर्यंत चालला, आणि कुलूप लावायला आलेले शिपाईमामाही शेवटी एक कागद मागून घेऊन बसले.